झेंडूचा शेंडा का खुडायचा, आणि 'जीए' नेमकं काय करतं?

झेंडू लावणाऱ्याच्या कानावर दोन सल्ले हमखास पडतात. रोप वीतभराच्या वर गेलं की शेंडा खुडा, हा पहिला. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढ वाढवणारं रसायन, फवारा, हा दुसरा. आता गंमत बघा: शेंडा खुडला की झाडाची उंची थांबते आणि जीए फवारलं की उंची वाढते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट, तरी दोन्हींनी फुलं वाढतात असं सांगितलं जातं. ऐकणारा गोंधळतो. मग एक तर तो काहीच करत नाही, नाही तर हाताला लागेल ती बाटली पंपात ओततो.

दोन्ही सल्ले खरे आहेत. पण क्रम, वेळ आणि माप यांत गफलत झाली की फायदा तर राहोच, अख्खा हंगाम हातचा जातो. माझं मत आधीच स्पष्ट सांगतो: खुडणी आधी, फवारणी नंतर, आणि खुडणी नीट बसल्याशिवाय फवारणीचा विचारही नको. असं का, ते समजायला झाडाच्या आत काय चालतं हे थोडं बघावं लागेल.

## फूल येतं कुठे?

झेंडूचं फूल फांदीच्या टोकाला येतं. सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. खोडाच्या किंवा फांदीच्या शेंड्यावर कळी धरली की त्या टोकाची लांबी वाढणं संपतं. तिथे पुन्हा पान येत नाही, पुन्हा पेरं येत नाही. म्हणजे झाडाला जितकी टोकं, साधारण तितकी फुलं.

मग टोकं वाढवायची कशी? झेंडूच्या खोडावर जिथे जिथे पान जोडलेलं असतं, तिथे पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. हा डोळा म्हणजे फुटायची वाट बघणारी छोटी फांदीच. रोप हातात घेऊन वरून तिसऱ्या-चौथ्या पानाचं बेचकं जरा फाकवून पाहा. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा हिरवा टिपका दिसेल. असे डोळे खोडभर असतात. पण तरण्या रोपात त्यांतले बहुतेक झोपलेले राहतात, कारण वरचा शेंडा त्यांना फुटू देत नाही.

## शेंड्याचा दरारा

वनस्पतिशास्त्रात याला 'एपिकल डॉमिनन्स' म्हणतात. आपण त्याला शेंड्याचा दरारा म्हणू.

शेंड्यातली कोवळी पानं ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे झाडाने एका जागी तयार करून दुसऱ्या जागी पाठवलेला, अगदी थोड्या मात्रेत काम करणारा रासायनिक निरोप. हे ऑक्झिन खोडातून वरून खाली वाहतं. १९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघांनी बाकल्याच्या रोपांवर एक साधा पण फार बोलका प्रयोग केला. शेंडा छाटला तर खालचे डोळे फुटतात, हे माहीत होतंच. त्यांनी छाटलेल्या जागी ऑक्झिन असलेल्या आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, वड्या ठेवल्या. शेंडा नसतानाही डोळे झोपलेलेच राहिले! म्हणजे दरारा शेंड्याचा असला तरी तो चालतो ऑक्झिनच्या जोरावर.

ऑक्झिन डोळ्याला रोखतं कसं? खालचा प्रत्येक डोळा म्हणजे हमरस्त्याला मिळणारी एक गल्ली समजा. डोळ्यालाही वाढायचं तर स्वतःचं ऑक्झिन मुख्य खोडात सोडावं लागतं. पण हमरस्ता वरून येणाऱ्या वाहतुकीने भरून वाहत असेल, तर गल्लीतली गाडी तोंडाशीच अडकून राहते. शेंडा खुडला की हमरस्ता रिकामा होतो आणि गल्ल्यांमधल्या गाड्या बाहेर पडतात.

गोष्ट इथे संपत नाही. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने सरकतं. पण शेंडा छाटल्यावर बरेच खालचे डोळे, ऑक्झिनची घट तिथवर पोहोचण्याआधीच जागे होताना दिसतात. २०१४ मध्ये वाटाण्यावर झालेल्या संशोधनातून याचा उलगडा झाला: पहिली हाक साखर देते. वाढता शेंडा पानांनी केलेल्या साखरेचा मोठा वाटा ओढून घेतो. तो गेला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि डोळा हलतो. पुढे तो फांदी म्हणून टिकेल की नाही, हे ऑक्झिन आणि इतर संप्रेरकं ठरवतात. मुळांत तयार होणारी सायटोकायनिन डोळ्यांना फुटायला मदत करतात. फांद्या रोखणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोनची ही भूमिका तर २००८ मध्ये उघड झाली.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण व्यावहारिक आहे. डोळा साखरेवर जागा होत असेल, तर उपाशी झाडाचा शेंडा खुडून काय मिळणार? पानं पिवळी पडलेली, पाण्याचा ताण बसलेला, आठवडाभर ऊन न पाहिलेलं रोप खुडलं, तर डोळे फुटतात पण बारीक, अशक्त. खुडणीने झाडाची कमाई वाढत नाही, फक्त ती कुठे खर्च व्हायची ते बदलतं.

## खुडायचं कधी आणि किती

पुस्तकी शिफारस सांगते की पुनर्लागवडीनंतर ३० ते ४० दिवसांनी शेंडा खुडावा. उंच वाढणाऱ्या, उशिरा फुलणाऱ्या आफ्रिकन झेंडूला ती बऱ्यापैकी लागू पडते. पण लवकर येणाऱ्या संकरित वाणांत तोवर मधली कळी दिसायला लागलेली असते. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा रोप बघा. सहा-सात पानांच्या जोड्या झाल्यात, खोड कोवळं आहे, मुळं जमिनीत बसून नवी वाढ जोरात सुरू आहे आणि कळी अजून दिसत नाही, हीच खरी वेळ.

अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यात शेंड्याचे वरचे दोन ते चार सेंटिमीटर धरायचे आणि पानाच्या पेराच्या जरासं वर मोडायचं. वेळ बरोबर असेल तर शेंडा कडकन तुटतो, धागा राहत नाही आणि बोटांना झेंडूचा तो उग्र वास लागतो. मोडायला जोर लागला, साल सोलून खाली आली, तर समजा खोड जून झालंय आणि उशीर झालाय. अशा वेळी हाताने ओढू नका, धारदार कात्रीने कापा. पेराच्या फार वर कापलं तर मागे राहिलेलं थोटूक वाळतं आणि तिथून बुरशीला वाट मिळते.

किती खुडायचं याबद्दल लोक घाई करतात. अर्धं रोप उतरवलं की जास्त फुटवे येतील, हा समज चुकीचा आहे. जितकी पेरं खाली ठेवाल तितकेच डोळे फुटायला शिल्लक राहणार. शिवाय पानं गेली की साखरही गेली. वरचा कोवळा तुरा तेवढा काढायचा, खाली पाच-सहा जोड्या राहू द्यायच्या.

आठवडाभरात बेचक्यांतून हिरवे कोंब वर आलेले दिसतील. सगळ्यांत जोरात येतात ते कापलेल्या जागेच्या लगेच खालचे. तेच पुढे नवे शेंडे बनून आपला दरारा बसवू लागतात. म्हणून सगळेच्या सगळे डोळे कधी फुटत नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

इथे अंतराचा प्रश्न येतो. दाट लावलेल्या झेंडूत खालच्या डोळ्यांवर पानांतून गाळून आलेला उजेड पडतो. त्यात लाल प्रकाश कमी असतो आणि दूर-लाल (लालाच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा) जास्त. झाड त्यावरून ओळखतं की आजूबाजूला गर्दी आहे, आणि फांद्या फोडण्याऐवजी उंच जायचा प्रयत्न करतं. दाट लागवडीत खुडणी करून काही मिळालं नाही, अशी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. खुडायचं असेल तर दोन रोपांत ४५ सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी.

नत्राचा दुसरा हप्ता खुडणीच्या वेळी देण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. नव्या फुटव्यांना त्याच काळात गरज असते. मात्र नत्र भसाभस टाकलं तर पानं माजतात आणि कळी उशिरा येते.

## "पण फुलं लहान होतात, आणि उशिराही येतात!"

दोन्ही आक्षेप खरे आहेत.

फुलांचं उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतं: झाडांची संख्या, झाडावरची फुलं आणि एका फुलाचं वजन. समजा, न खुडलेल्या झाडाला ३० फुलं आली आणि प्रत्येक १० ग्रॅमचं, तर झाले ३०० ग्रॅम. खुडलेल्या झाडाला ४५ फुलं आली पण प्रत्येक ८ ग्रॅमचं, तर झाले ३६० ग्रॅम. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण कल अशाच दिशेने जातो: फूल जरा लहान, संख्या बरीच जास्त, एकूण वजन वरचढ. मात्र एकेक मोठं, भरगच्च फूल हवं असेल, प्रदर्शनासाठी म्हणा किंवा लांब देठाच्या फुलासाठी, तर खुडणी तुमच्या कामाची नाही. अशा वेळी उलट बाजूचे फुटवे काढून एकाच टोकाला सगळं बळ देतात.

उशिराचं म्हणाल तर तो टाळता येत नाही. मधल्या शेंड्यावर जी कळी सगळ्यांत आधी आली असती, तीच आपण काढून टाकलेली असते. नव्या फांदीला वाढून कळी धरायला वेळ लागतो. वाण, हवामान आणि खुडणीची वेळ यांनुसार पहिला तोडा एक ते तीन आठवडे पुढे जातो. दोनदा खुडलं तर आणखी पुढे.

आफ्रिकन झेंडूच्या बाबतीत दिवसाची लांबीही मधे येते. दिवस लहान असताना तो लवकर कळी धरतो, मोठ्या दिवसांत रेंगाळतो. त्यामुळे एकाच पद्धतीने केलेली खुडणी एका हंगामात दहा दिवस खाते, तर दुसऱ्या हंगामात तीन आठवडे. फुलं ज्या तारखेला हवीत तिथून मागे मोजत या. हातात तेवढे दिवस नसतील तर खुडू नका. उशिरा केलेल्या खुडणीपेक्षा न केलेली बरी.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न खुडलेल्या झाडालाही शेवटी फांद्या येतातच, कारण मधल्या शेंड्यावर फूल आलं की त्याचा दरारा आपोआप सुटतो. खुडणी तेच काम आधी करते, झाड तरणं असताना, जेव्हा फुटव्यांना जाड व्हायला वेळ असतो. आणि नियमित तोडा हीदेखील एक प्रकारे चालू राहिलेली खुडणीच आहे. उमललेलं फूल झाडावरच सुकू दिलं तर झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि पुढच्या कळ्यांची साखर तिकडे वळते.

## संजीवक म्हणजे खत नव्हे

आता बाटलीकडे वळू. वाढ संजीवकं म्हणजे झाडाच्या संप्रेरकांसारखी वागणारी किंवा त्यांच्या कामात मुद्दाम अडथळा आणणारी रसायनं. त्यांत अन्न नसतं. खत म्हणजे माल, संजीवक म्हणजे हुकूम. मालच नसेल तर हुकूम कोण आणि कशाच्या जोरावर पाळणार?

झेंडूच्या संदर्भात त्यांचे दोन गट लक्षात ठेवले तरी पुरे. एक गट वाढवणारा, त्यात जिबरेलिक ॲसिड, म्हणजेच जीए, मुख्य. दुसरा गट उंची रोखणारा.

जीएचा शोध भाताच्या रोगातून लागला. काही भातरोपं विलक्षण उंच, बारीक होऊन आडवी पडायची. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की त्या रोगाच्या बुरशीने सोडलेल्या द्रवातच उंची वाढवणारं काहीतरी आहे. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला जिबरेलिन नाव दिलं. मग कळलं की निरोगी झाडंही स्वतःपुरतं जिबरेलिन तयार करतातच. ते पेशींना लांब व्हायला सांगतं. आणि प्रमाण सुटलं तर त्या भातासारखीच गत होते, हेही त्याच इतिहासातून शिकण्यासारखं आहे.

## मग खुडणी आणि जीए एकत्र कसे?

सुरुवातीचा गोंधळ इथे सुटतो. खुडणी टोकांची *संख्या* ठरवते. जीए आधीच फुटलेल्या टोकांची *लांबी आणि आकार* वाढवतं. खुडणीनंतर कोंब दोन-तीन इंच झाल्यावर जीए मिळालं, तर त्या फांद्या लांबतात, पाकळ्यांच्या पेशी मोठ्या होतात, फुलाचा घेर सुधारतो आणि कळी थोडी लवकर येते. म्हणजे खुडणीमुळे फूल लहान होणं आणि उशिरा येणं, या दोन्ही तोट्यांची काहीशी भरपाई होते. झेंडूवरच्या अनेक प्रयोगांत खुडणी आणि १०० ते २०० पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम) जीए ही जोडी चांगली ठरलेली दिसते, ती याच कारणाने.

क्रम उलटा केला तर? न खुडलेल्या रोपावर जीए मारलं की एकच शेंडा सुसाट वर जातो. खोड बारीक, पेरं लांब, आणि पहिल्या वाऱ्या-पावसात झाड आडवं. दाट सावलीत किंवा नत्राच्या माऱ्यात हे आणखी वाईट होतं.

## उंची रोखणारी रसायनं

क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, झाडाला स्वतःचं जिबरेलिन बनवू देत नाही. पॅक्लोब्युट्राझोलही तेच करतं, पण ते मातीत दीर्घकाळ टिकतं आणि पुढच्या पिकालाही खुजं करू शकतं, म्हणून मोकळ्या शेतात मी त्याच्या विरोधात आहे. मॅलिक हायड्राझाइड पेशींचं विभाजन थांबवतं, म्हणजे एक प्रकारे औषधाने केलेली खुडणीच, पण मात्रा थोडी चढली तर पानं करपतात. इथेफॉन झाडात इथिलीन वायू सोडतं, त्याने फुटवे वाढतात आणि फूल यायला उशीर होतो.

सीसीसीची तीव्रता जीएपेक्षा कितीतरी जास्त, हजार पीपीएमच्या आसपास वापरली जाते. कुंडीतल्या ठेंगण्या, गच्च झेंडूसाठी याला अर्थ आहे. शेतातल्या तोड्याच्या झेंडूत मात्र जे काम अंगठ्याचं नख करतं, त्यासाठी पैसे कशाला घालवायचे?

## पीपीएमचा हिशेब, जिथे सगळं चुकतं

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्यासाठी सोपा नियम: एक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. १५ लिटरच्या पंपात १०० पीपीएम जीए हवं असेल तर १५ × १०० = १,५०० मिलिग्रॅम, म्हणजे दीड ग्रॅम शुद्ध जीए लागेल. पूड ९० टक्के शुद्ध असेल तर दीड भागिले ०.९, म्हणजे सुमारे १.६७ ग्रॅम. हे चमच्याने मोजता येत नाही, बारीक वजनकाटाच लागतो.

आता बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. द्रवरूप जीए अनेकदा ०.००१ टक्के इतक्या तीव्रतेचं असतं. ०.००१ टक्के म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजेच बाटलीतला अस्सल द्रवसुद्धा फक्त १० पीपीएमचा. त्यात पाण्याचा थेंबही न मिसळता तो तसाच फवारला तरी १०० पीपीएम कधीच होणार नाही. आणि लिटरभर पाण्यात एक मिलिलिटर टाकलं तर फवारा होतो ०.०१ पीपीएमचा, प्रयोगातल्या मात्रेच्या दहा हजारांश. "जीए मारलं, काही फरक पडला नाही" असं म्हणणाऱ्याने आधी ही टक्केवारी तपासावी. उलट ९० टक्क्यांची पूड 'अंदाजे' टाकणाऱ्याचं पीक लोळतं, तेही याच हिशेबाच्या अभावी.

शुद्ध पूड साध्या पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळतात. पाण्यात सरळ विरघळणाऱ्या पुड्यांना याची गरज नसते, पण त्यांची टक्केवारी वेगळी असते, तेव्हा हिशेब पुन्हा करावा. द्रावण त्याच दिवशी संपवावं, कारण क्षारी (अल्कधर्मी) पाण्यात जीए हळूहळू निकामी होतं. इथेफॉनचं तर क्षारी पाण्यात पंपातच विघटन सुरू होतं. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी, म्हणजे पानं जास्त वेळ ओली राहतात आणि औषध आत जायला अवधी मिळतो.

## "हार्मोन म्हणजे विषच ना?"

जीए हा झाडात मुळातच असणारा पदार्थ आहे, त्याची विषारीपणाची पातळी कमी आहे. सगळ्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. डॅमिनोझाइड हे उंची रोखणारं रसायन १९८९ मध्ये अमेरिकेत खाण्याच्या पिकांवरून मागे घेतलं गेलं. शोभेच्या झाडांवर ते चालू राहिलं. म्हणजे प्रश्न एकगठ्ठा 'हार्मोन'चा नाही, कोणतं रसायन, कोणत्या पिकावर आणि त्या फुलाचं पुढे काय होणार याचा आहे. झेंडूच्या पाकळ्यांतून ल्युटिन हा रंग काढून कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. असा उपयोग होणार असेल, किंवा पाकळ्या पोटात जाणार असतील, तर लेबलवर झेंडूचं नाव आणि तशी मान्यता असल्याशिवाय काहीही फवारू नये. हातमोजे आणि तोंडाला फडकं, हे जीएलाही लागू आहेच.

## कोणत्या झेंडूला हे नको?

फ्रेंच झेंडू जात्याच बुटका आणि झुडपासारखा, बुडापासून फुटणारा. त्याच्या शेंड्याला दराराच कमी. त्याला खुडून दिवस घालवण्यात अर्थ नाही. ठेंगण्या आफ्रिकन वाणांचंही बरंचसं तसंच. रोगट, मर लागलेल्या किंवा नुकत्याच लावलेल्या रोपांनाही हात लावू नये. पाऊस लागून राहिला असेल तर थांबावं, ओल्या जखमेतून बुरशी पटकन शिरते. पानं विद्रूप झालेल्या किंवा फुलाच्या जागी हिरवी पालवी येणाऱ्या झाडाला खुडल्यावर त्याच हातांनी पुढच्या झाडाकडे जाऊ नये. ते झाड उपटूनच टाकलेलं बरं.

निरोगी झाडांचे खुडलेले शेंडे मात्र फेकू नका. ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत टोचले तर दोनेक आठवड्यांत त्यांना मुळं फुटतात. संकरित झेंडूचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड मिळत नाही, शेंड्याच्या रोपातून मिळतं.

आणि पहिल्याच वेळी सगळं शेत खुडून, सगळ्यावर फवारून बसू नका. शेजारशेजारच्या चार ओळी निवडा: एक तशीच, एक फक्त खुडलेली, एक फक्त जीएची, एक दोन्हींची. काड्या रोवून खुणा करा. प्रत्येक तोड्याला चारही ओळींची फुलं वेगवेगळी तोला आणि तारखेसह लिहून ठेवा. हंगाम संपल्यावर बेरीज करताना नुसतं एकूण वजन पाहू नका, पहिला तोडा कोणत्या ओळीचा कधी आला तेही पाहा.